ओहोटीची वेळ आणि पवईची कार्यशाळा

हरिहरेश्वरला गेलेला यात्रेकरू काळभैरव आणि हरिहरेश्वर यांचे दर्शन घेऊन प्रदक्षिणेला निघतो. ही प्रदक्षिणा केवळ देवळाभोवतीची नाही. डोंगराच्या पायथ्याशी समुद्राने शतकानुशतके कोरलेल्या कातळावरून ती जाते. ओहोटी असेल तर वाट मोकळी असते. भरती चढू लागली की तीच वाट लाटांखाली जाते. वेळेचा अंदाज नसलेले पर्यटक या किनाऱ्यावर प्राणास मुकल्याच्या दुर्घटना घडलेल्या आहेत.

किनाऱ्यावरच्या कोळ्याला मात्र वेळ कोणाला विचारावी लागत नाही. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा त्याचा पिढीजात हिशेब आहे. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, अमावास्येला व पौर्णिमेला बाराच्या आसपास उधाणाची भरती, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. याहून अचूक वेळा हव्या असतील तर भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टके प्रसिद्ध करतो. म्हणजे हे ज्ञान दोन ठिकाणी सुरक्षित आहे, एक कोळ्याच्या डोक्यात आणि दुसरे सरकारी कोष्टकात. ज्या कुटुंबाला त्याची सर्वाधिक गरज आहे, ते पुण्यामुंबईहून येते आणि त्याच्या हातात मोबाइल असतो. त्या मोबाइलवर हरिहरेश्वरचे नाव टाकले की आधी खोल्यांचे दर आणि समुद्राची छायाचित्रे पुढे येतात. आज प्रदक्षिणेला कोणत्या वेळी जावे, हा प्रश्न त्याला गावात येऊन कोणाला तरी विचारावाच लागतो.

हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ आहे. एखाद्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने दोन दिवस मन लावून काम केले, तर तिथीवार वेळा मराठीत दाखवणारे एक साधे पान तयार होऊ शकेल. ते पान अजून घराघरात का पोचले नाही, याचा विचार करू लागले की संकेतस्थळे घडवण्याची विद्या कोठे शिकवली जाते आणि कोणापर्यंत पोचते, या मोठ्या प्रश्नाला हात घालावा लागतो. या विद्येची संमेलने भरतात, त्यांत व्याख्याने होतात, कार्यशाळा होतात. त्या संमेलनांचे अर्थशास्त्र तपासून पाहण्याजोगे आहे.

दान मिळालेली विद्या

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने या तंत्राची आज्ञावली सर्वांना विनामूल्य खुली केली. पेटंट घेऊन प्रत्येक पानामागे शुल्क आकारण्याचा मार्ग त्या संस्थेला मोकळा होता. तो तिने स्वीकारला नाही. पुढच्याच वर्षी, मे १९९४ मध्ये, या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद सर्नमध्येच भरली. त्या परिषदांची मालिका पुढे चालू राहिली आणि २०११ साली तिचे अधिवेशन हैदराबादला झाले.

मुक्त आज्ञावलींची परंपरा याच मातीत वाढली. बेल्जियममधील ड्राइस बायटार्ट या विद्यार्थ्याने २००१ च्या जानेवारीत ‘ड्रुपल’ ही संकेतस्थळ उभारण्याची प्रणाली खुली केली. २००३ च्या मे महिन्यात ‘वर्डप्रेस’ आली. या प्रणाली कोणा एका कंपनीच्या मालकीच्या नाहीत. जगभरचे हजारो लोक त्यांत भर घालतात, चुका दुरुस्त करतात आणि तयार झालेली वस्तू कोणालाही फुकट वापरता येते. आज जगातील संकेतस्थळांपैकी ४० टक्क्यांहून अधिक एकट्या वर्डप्रेसवर उभी आहेत. आपल्याकडील सरकारी कामकाजही यापासून दूर नाही. केंद्र सरकारचे २०१४ साली सुरू झालेले ‘मायगव्ह’ हे संकेतस्थळ ड्रुपलवर उभारले गेले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने जिल्ह्यांच्या संकेतस्थळांसाठी केलेली ‘एस-थ्री-वास’ ही सेवा वर्डप्रेसवर आधारलेली असून, खुद्द रायगड जिल्ह्याचे संकेतस्थळ तिच्यावरच चालते. अलिबागच्या कचेरीतील लिपिक एखादी सूचना चढवतो, तेव्हा नाव-गाव ठाऊक नसलेल्या हजारो स्वयंसेवकांचे श्रम त्याच्या हाताखाली असतात.

ही मंडळी एकमेकांना भेटतात कोठे? अर्थात संमेलनांत. ड्रुपलचे आशियातील पहिले मोठे संमेलन १८ ते २१ फेब्रुवारी २०१६ या दिवसांत मुंबईत, पवईच्या आयआयटीच्या आवारात भरले. ड्रुपलची आठवी आवृत्ती त्यापूर्वी तीनच महिन्यांनी, नोव्हेंबर २०१५ मध्ये बाहेर पडली होती. अनेक भाषांत संकेतस्थळ चालवण्याची सोय या आवृत्तीच्या गाभ्यातच होती. ती शिकण्याची निकड येथील तंत्रज्ञांना होती आणि स्वतः बायटार्टही भाषणासाठी आले होते. वर्डप्रेसची ‘वर्डकॅम्प’ नावाची संमेलने मुंबई, पुणे, नाशिक आणि नागपूर या शहरांत झालेली आहेत. आशियाच्या वर्डकॅम्पच्या २०२६ च्या अधिवेशनासाठी मुंबईचीच निवड झाली. महाराष्ट्र या नकाशावर नाही, असे म्हणण्यास जागा नाही.

व्याख्यान आणि कार्यशाळा

या संमेलनांचे साधारणपणे दोन भाग असतात. पहिला भाग सत्रांचा. पाऊण-एक तासाचे भाषण, मागे पडद्यावर चित्रे, शेवटी प्रश्नोत्तरे. महाराष्ट्राला हा प्रकार नवा नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून व्याख्यान ऐकून शहाणे होण्याची सवय मराठी मध्यमवर्गाच्या अंगवळणी पडली आहे. संकेतस्थळ लवकर कसे उघडावे, त्याची सुरक्षितता कशी राखावी, दृष्टिहीनांना ते कसे वापरता यावे, असे विषय या सत्रांत असतात. व्याख्याते बहुधा मानधन घेत नाहीत. वर्डकॅम्पचे प्रवेशशुल्क कमी राखण्याचा दंडक आहे आणि तेथील भाषणांची चित्रमुद्रणे पुढे सर्वांना विनामूल्य पाहता येतात.

दुसरा भाग कार्यशाळेचा, आणि तोच अधिक मोलाचा आहे. ड्रुपलच्या संमेलनांत एक दिवस प्रत्यक्ष कामासाठी राखलेला असतो. नवख्यांसाठी त्यात वेगळी बैठक असते. आपल्या संगणकावर प्रणाली कशी बसवावी, नोंदवलेल्या चुकांच्या यादीतून झेपेल अशी एक चूक कशी निवडावी, दुरुस्ती करून ती तपासणीसाठी कशी पाठवावी, हे जाणकार शेजारी बसून दाखवतात. दिवसाच्या अखेरीस एखाद्या नवख्याची पहिलीवहिली दुरुस्ती सर्वांच्या समक्ष मूळ प्रणालीत दाखल करून घेण्याची तेथे प्रथा आहे. सकाळी जो केवळ वापरणारा होता, तो सायंकाळी घडवणाऱ्यांपैकी एक होतो. वर्डकॅम्पच्या अशाच दिवशी भाषांतराचे एक टेबल असते; तेथे आज्ञावलीचे अक्षरही न येणारा मराठीचा शिक्षक बसू शकतो. पडद्यावरच्या शब्दाला ‘डाउनलोड’ म्हणावे की ‘उतरवून घ्या’ म्हणावे, याचा निर्णय शेवटी अशाच कोणीतरी करायचा असतो.

ही भर घालणे म्हणजे निव्वळ परोपकार नव्हे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात सामाईक साधनसंपत्ती लोक स्वतःच्या नियमांनी कशी टिकवतात, याचे विवेचन केले आणि त्या कार्यासाठी २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. गावकीच्या विहिरीचा गाळ वर्षातून एकदा सर्वांनी मिळून उपसला नाही, तर पाणी सर्वांचेच आटते. आज्ञावली वापरल्याने झिजत नाही, हे खरे. परंतु देखभालीवाचून ती निकामी होते. २०१४ च्या एप्रिलमध्ये ‘हार्टब्लीड’ नावाची चूक उघडकीस आली. जगातील असंख्य संकेतस्थळांच्या गुप्ततेचा भार ज्या मुक्त आज्ञावलीवर होता, ती सांभाळणारे हात किती थोडे होते, हे त्या वेळी सर्वांना कळून चुकले. कार्यशाळा ही या विहिरीचा गाळ काढण्याची पाळी आहे.

सारे काही फुकट आहे, मग अडते कोठे?

येथे एक शंका घेतली जाईल. प्रणाली फुकट, भाषणांची चित्रमुद्रणे फुकट, मोबाइल हाती आहे. मग श्रीवर्धनच्या विद्यार्थ्याला घरबसल्या शिकण्यास कोणी अडवले आहे? हा युक्तिवाद बिनतोड वाटतो, परंतु तो शिकण्याच्या प्रक्रियेविषयीच्या गैरसमजावर आधारलेला आहे. नवशिक्याची खरी अडचण उत्तर न मिळण्याची नसते. कोणता प्रश्न विचारावा हेच त्याला कळत नसते. पडद्यावर इंग्रजीत चुकीचा संदेश उमटतो, तो कोणत्या ओळीमुळे, हे शेजारी बसलेला जाणकार क्षणात सांगतो. एकट्याने शोधणारा तेथेच दोन रात्री घालवतो आणि नाद सोडतो. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली उद्योगांच्या वस्त्यांविषयी लिहिताना हेच निरीक्षण नोंदवले होते. एका धंद्याचे लोक एकत्र राहतात तेथे त्या धंद्याची मर्मे जणू हवेतच असतात आणि मुले ती नकळत आत्मसात करतात. पुण्याच्या हिंजवडीच्या हवेत ही मर्मे आहेत. हरिहरेश्वरच्या हवेत भरती-ओहोटीची मर्मे आहेत, संकेतस्थळांची नाहीत. संमेलन म्हणजे ती हवा दोन दिवसांपुरती एका जागी आणण्याची युक्ती होय.

दुसराही आक्षेप आहे आणि त्यात तथ्य आहे. ही संमेलने म्हणजे पुरस्कर्त्या कंपन्यांची जाहिरात आणि नोकरभरतीचा बाजार असतो, असे म्हटले जाते. कंपन्या पैसे देतात ते पुण्य मिळवण्यासाठी नव्हे, हे मान्यच केले पाहिजे. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. पुरस्कर्ता जेथे मनुष्यबळ शोधतो तेथेच संमेलन भरेल, म्हणजे मोठ्या शहरातच भरेल. बाजारावर सोपवले तर ही विद्या माणगावचा घाट उतरून किनाऱ्याकडे येणार नाही. सार्वजनिक प्रयत्नाची गरज नेमकी येथेच उत्पन्न होते.

हरिहरेश्वरच्या तरुणाला मुंबईच्या संमेलनाला जायचे तर सारा दिवस प्रवासात घालवावा लागतो. जवळचे रेल्वेस्थानक म्हणजे कोकण रेल्वेचे माणगाव. प्रवेशशुल्क कमी असले, तरी जाण्यायेण्याचे भाडे, मुंबईतील मुक्काम आणि बुडालेली मजुरी यांची बेरीज त्या शुल्काच्या कितीतरी पट होते. भाषणांची भाषा बहुतांशी इंग्रजी असते, हा आणखी एक न दिसणारा खर्च. जे फुकट म्हणून सांगितले जाते त्याची किंमत शहरापासूनच्या अंतरानुसार वाढत जाते.

किनाऱ्यावरचा हिशेब

या किंमतीच्या दुसऱ्या बाजूला काय आहे, तेही पाहिले पाहिजे. श्रीवर्धन तालुक्याची अर्थव्यवस्था सुपारी-नारळाच्या बागा, मासेमारी आणि आता पर्यटन यांवर उभी आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले; श्रीवर्धनच्या रोठा सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, वीज आणि दूरध्वनी अनेक दिवस बंद राहिले. सुपारीचे झाड पुन्हा उत्पन्न देण्यास काही वर्षे घेते. तोवर बागायतदाराचा आधार म्हणजे घरातल्या दोन खोल्यांत उतरणारे पाहुणे.

या खोल्यांची नोंदणी आता मोठ्या प्रमाणावर मध्यस्थ संकेतस्थळांवरून होते. एक साधा हिशेब मांडून पाहावा. समजा, एका खोलीचे एका रात्रीचे भाडे २,००० रुपये आहे, मध्यस्थाची दलाली शेकडा १५ आहे आणि दोन खोल्या वर्षातून शंभर रात्री भरतात. दलालीचे होतात ६०,००० रुपये. नवा पाहुणा मध्यस्थाने आणला असेल, तर ती दलाली न्याय्यच म्हणावी लागेल. परंतु पूर्वी येऊन गेलेला पाहुणा पुन्हा येतो, तेव्हाही ती कापली जाते. निम्मे पाहुणे थेट घरमालकाच्या पानावर आले, तरी ३०,००० रुपये गावात राहतील. एकेकट्या घराला असे पान सांभाळणे जड जाईल. दहा-वीस घरांनी मिळून एक केले तर झेपेल. ज्या महाराष्ट्रात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेकाठी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्या महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटू नये. आणि येथे यंत्रसामग्रीचा खर्च जवळजवळ नाहीच.

काय शिकवावे, कोणी शिकवावे?

म्हणून अशा कार्यशाळा किनाऱ्यावर आणाव्यात, आणि त्या मराठीतून व्हाव्यात. साधने जिल्ह्यात आहेत. १९८९ साली स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ माणगाव तालुक्यातच, लोणेरे येथे आहे. श्रीवर्धनला महाविद्यालय आहे. संगणक असलेली एक खोली, तीस विद्यार्थी, पाच-सहा जाणकार आणि दोन दिवस एवढी सामग्री पुरेशी आहे. दीपप्रज्वलन आणि पाहुण्यांचा परिचय यांत पहिली सकाळ जाऊ नये, एवढेच पथ्य पाळावे.

पहिल्या दिवशी तीन गोष्टी शिकवाव्यात. एक, पान हलके ठेवणे. मोबाइलवर काढलेले छायाचित्र अनेकदा चार-पाच मेगाबाइटचे असते. ते आकाराने लहान करून चढवले की पाहणाऱ्याच्या डोळ्याला फरक कळत नाही आणि डोंगराआड रेंज क्षीण असली तरी पान उघडते. दोन, मराठी मजकूर खरा मजकूर म्हणून लिहिणे. आजही कित्येक सूचना कागदाचे छायाचित्र काढून किंवा जुन्या ठशांत टंकून चढवल्या जातात. त्या शोधून सापडत नाहीत आणि दृष्टिहीनांसाठी मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला त्या केवळ एक चित्र म्हणून दिसतात. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. मराठीला लागणारे ‘ॲ’ हे अक्षर त्यात स्वतंत्रपणे २००८ साली आले. मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडवलेल्या ‘मुक्ता’सारख्या अक्षरमाला विनामूल्य उपलब्ध आहेत. आता सबब उरलेली नाही. तीन, जे लिहिले त्याची तारीख घालणे आणि जुने झालेले काढून टाकणे. हे तिसरे काम तंत्राचे नसून शिस्तीचे आहे. कचेरीत दफ्तर सांभाळलेला लिपिक ते कोणाही तंत्रज्ञापेक्षा चांगले शिकवू शकेल.

दुसऱ्या दिवशी सर्वांनी मिळून एकच काम हाती घ्यावे: हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेची वेळ सांगणारे पान. कोळ्याच्या पाऊणपटीच्या हिशेबाने आरंभ करावा, म्हणजे गावातला म्हातारा शिक्षक होईल आणि संगणकापुढचा पोरगा विद्यार्थी. परंतु जिवाचा प्रश्न असल्याने अंदाजावर थांबू नये. अधिकृत कोष्टकांतील वेळा घ्याव्यात, उधाण आणि भांग यांतला फरक स्पष्ट करावा, पावसाळ्यात आणि खवळलेल्या समुद्रात ओहोटीलाही जाऊ नये हे ठळक लिहावे, आणि ग्रामपंचायतीकडून पान तपासून घ्यावे. तोच तक्ता कागदावर छापून पायऱ्यांपाशीही लावावा. कारण वीज गेली की पान उघडत नाही, हा धडा ‘निसर्ग’ने सर्वांना दिला आहे.

अशा उपक्रमांचे यश भाषणांना मिळालेल्या टाळ्यांवरून मोजू नये. सहा महिन्यांनी ते पान चालू आहे काय, त्यावरची वेळ आजची आहे काय, आणि मूळ करणारा विद्यार्थी नोकरीसाठी मुंबईला गेल्यावर ते सांभाळणारा दुसरा तयार झाला आहे काय, हे तीन प्रश्न विचारावेत. आपल्याकडे उद्घाटन झालेली आणि नंतर ओस पडलेली संकेतस्थळे थोडी नाहीत. म्हणूनच कार्यशाळा दरवर्षी व्हावी, आणि या वर्षी शिकलेल्याने पुढच्या वर्षी शिकवावे. गावकीच्या विहिरीला जी पाळी लागते, तीच याला लागते.

सर्नने १९९३ साली खुले केलेले दार आजही उघडे आहे. त्या दारापर्यंत पोचण्याची वाट पवईपर्यंत झाली. ती लोणेऱ्याहून श्रीवर्धनला आणि तेथून हरिहरेश्वरच्या कातळापर्यंत नेण्याचे काम उरले आहे. त्यासाठी नवा शोध लागण्याची वाट पाहावयास नको. एखाद्या महाविद्यालयाने दोन दिवस आपली खोली उघडी ठेवली, शहरातल्या चार जाणकारांनी एक शनिवार-रविवार किनाऱ्यावर घालवला आणि गावातल्या जुन्या कोळ्याला सन्मानाने शेजारी बसवले, तर येत्या हंगामात प्रदक्षिणेला निघालेल्या कुटुंबाला पायऱ्या उतरण्यापूर्वी आपल्या भाषेत कळेल की, आता भरती लागली आहे, जरा थांबावे.